नलू, तू नावं विचारत गेलीस

नलू,

काल तुझं तेरावं झालं. आज सकाळी अजयला वीर स्टेशनवर सोडून आले. गाडी वेळेवर आली, ही एक गोष्ट तुला मुद्दाम सांगण्यासारखी. फलाटावर तो एवढंच म्हणाला, "आई, आता तू एकटी." मी म्हटलं, "पाण्याची बाटली घेतलीस का?" आपल्या घरात दुःख असंच बोललं जातं.

परत आल्यावर तुझं कपाट आवरायला घेतलं. वरच्या कप्प्यात नोकरीतल्या पांढऱ्या साड्या, खालच्यात पूजेच्या रेशमी. रक्तदाब मोजायचं यंत्र आणि पळी-पंचपात्र मात्र एकाच पिशवीत. या दोन गोष्टी वेगळ्या ठेव, असं मी पहिल्यापासून सांगत आले. तू पहिल्यापासून म्हणत आलीस, "वहिनी, घरातून निघताना मला कुठे ठाऊक असतं, तिथे कशाची गरज लागणार आहे ते." आज पिशवी उघडली आणि होती तशी बंद केली.

तुझा फोन मी चालू ठेवला आहे. अजय म्हणाला बंद करून टाक. पण लोक अजून करतात. परवापर्यंत ज्यांचे आले त्यांना मी सांगितलं, त्यांनी दोन शब्द बोलून ठेवून दिला. काल दुपारी, पानं उचलत असताना, पोलादपूरच्या वरच्या वाडीतल्या बबनचा आला. तो इतके दिवस बाहेरगावी कामाला होता, त्याला काहीच कळलेलं नव्हतं.

"सिस्टर हायत का?"

मी सांगितलं. त्याने कधी, कसं ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "वहिनी, परवा आयचं वर्षश्राद्ध हाय. सिस्टर येतो म्हनली होती."

"दुसरे कोणी गुरुजी बघून देऊ का?"

"दुसरा भट येईल वो. पन तो आयचं नाव बरोबर घेईल का?"

मी त्याला म्हटलं, उद्या सांगते. तो उद्या म्हणजे आज. आणि मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

त्यात रात्री कॅनडातून नातीचा, इराचा फोन. "आजी, आत्याआजी नक्की काय होती? नर्स की प्रीस्ट? मला इथे कुणाला नीट सांगताच येत नाही." मी म्हटलं, लिहून पाठवते, तू वाच आणि भावाला, सोहमला, वाचून दाखव. लिहायला बसले तर वाक्य इराकडे न जाता सारखं तुझ्याकडे वळतं. म्हणून मग तुलाच लिहिते आहे. मुलांनी वाचावं.

तू निवृत्त होऊन पोलादपूरच्या दवाखान्यातून इथे महाडला आमच्याकडे राहायला आलीस, तेव्हा तुझे दादा हयात होते. निरोपाची शाल आणि स्टीलचा डबा घेऊन आलीस. महिनाभर झोपलीस, म्हणजे दिवसाही झोपलीस. मला वाटलं, आता ही माझ्यासारखी वाचेल, बागेला पाणी घालेल, दुपारी पत्ते खेळू. एका सकाळी चहाच्या वेळी तू म्हणालीस, "मी शिकणार आहे."

दादा म्हणाले, "गाडी चालवायला?"

"भिक्षुकी."

मी हसले. दादा हसले नाहीत, त्यांनी कप खाली ठेवला. "या वयात? आणि बाई माणसाने?"

"वयाचं मला सांगू नकोस, दादा. आणि बाई असण्याचं तर आजवर दवाखान्यात कुणाला आठवलं नाही."

मी विचारलं, कशासाठी? देवाचं वेड तुला कधीच नव्हतं. उपास तू कधी पूर्ण केला नाहीस. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "वहिनी, नोकरीत किती जणांच्या तोंडावर चादर ओढली. चादर ओढायची कशी ते आम्हाला शिकवलं होतं. ओढल्यानंतर शेजारी उभ्या असलेल्या बाईला काय बोलायचं, ते कुणी शिकवलं नाही. मी दर वेळी म्हणायचे, 'बाहेर बसा.' आयुष्यभर मी लोकांना बाहेर बसवलं."

दादांनी कप उचलला आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

नदीकडच्या आळीतले तात्यागुरुजी तेव्हा थकले होते, पण शिकवत होते. त्यांनी तुला ओटीवरच उभं केलं. "पन्नाशीनंतर जीभ लाकडी होते बाई. साठीला तर ती दाराची चौकट." तू म्हणालीस, "गुरुजी, चौकटीलाही तेल घातलं की दार फिरतं." त्यांना राग आला की हसू, ते त्यांच्या मिशीमुळे कळलं नाही असं तू सांगितलंस. पण दुसऱ्या दिवशी ये म्हणाले.

मग आपल्या घरात ती वर्षं सुरू झाली. संध्याकाळी तू पाठ म्हणायचीस आणि मी पुस्तक धरून बसायची. मला संस्कृत शाळेपुरतं येत होतं, श्रद्धा तेवढीही नव्हती. पण चूक सापडली की सोडायची नाही, ही इंग्रजीच्या बाईची खोड. शाळेत मुलांच्या जिभा दातांमध्ये अडकवून मी इंग्रजी उच्चार शिकवले, तर तुझे ख-घ-धसारखे महाप्राण कसे सोडणार? "परत," मी म्हणायची. "वहिनी, देवाला कळतं." "देवाला कळत असेल, मला कळलं पाहिजे. परत." तू वैतागून उठायचीस, पाणी पिऊन परत बसायचीस. कधी कधी तू अडलीस की पुढचा शब्द माझ्याच तोंडून पुस्तकात न बघता यायचा. तेव्हा तू माझ्याकडे अशी बघायचीस, की मी पुस्तक आणखी वर धरायची.

आणि वाद. तो तर आपला रोजचा. "नलू, हे सगळं तू खरं मानतेस का? माणूस खरंच कुठे जातो का?"

"ठाऊक नाही."

"मग लोकांना सांगणार कशाला?"

"सांगणार नाही. विचारणार."

"काय विचारणार?"

"ते अजून कळलेलं नाही."

मी म्हणायची, हे उत्तर नव्हे. तू म्हणायचीस, उत्तर आहे असं मी म्हटलंच नव्हतं.

काय विचारायचं ते तुला तात्यागुरुजींकडेच सापडलं. श्राद्धाचा पाठ चालू होता. बाप, आजा, पणजा यांची नावं घेतात, तशी आई, आजी, पणजी यांचीही घ्यायची असतात. तू सहज विचारलंस, "गुरुजी, पणजीचं नाव लोकांना माहीत असतं?" ते म्हणाले, "कुठलं? तिथे काहीतरी नाव घालायचं आणि पुढे जायचं." "तुमच्या स्वतःच्या पणजीचं?" गुरुजींनी पोथी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "तिथेही मी घालतोच." आणि आत वळून बायकोला हाक मारली, "अगो, आपल्याकडे सांगणारं कुणी उरलंय का?" त्या आतून म्हणाल्या, "तुमच्या आत्या होत्या. गेल्या की त्या."

त्या दिवशी तू घरी आलीस ती चपला न काढता स्वयंपाकघरात. "वहिनी, आपल्याकडे मुलगी लग्न होऊन आली की तिचं नाव तांदळात नवं लिहितात. म्हणजे सासरच्यांना फक्त नवं नाव ठाऊक. आणि पणतवंडांना तेही नाही. बाई दोनदा पुसली जाते."

मी कांदा चिरत होते. म्हटलं, "चपला काढ."

मुलांनो, पहिला प्रसंग नीट सांगते, कारण तिथे मी स्वतः होते. श्रावण चालू होता. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून बबनचा निरोप आला, बाबा डोळे उघडत नाही, सिस्टर, जरा बघायला या. तू निघालीस, सोबतीला मी. जीप घाटाच्या आधीच्या वळणापर्यंत गेली, पुढे दरडीची माती आली होती. तिथून चालत. माझ्या चपला चिखलात राहिल्या त्या तिथेच असतील.

पोचलो तेव्हा ओटीवर माणसं बसली होती आणि आत म्हातारा घोंगडीवर निजवलेला. तू वाकलीस, मनगट धरलंस. बाहेरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता. बबन म्हणाला, "हाय का गो जीव, सिस्टर?"

"नाय रे बबन. मघाशीच गेलेत."

आणि तू हात सोडला नाहीस. दवाखान्यात एव्हाना चादर ओढली गेली असती आणि सगळे बाहेर बसले असते. तू तशीच बसून राहिलीस आणि म्हणालीस, "या. ज्याला धरायचा त्याने हात धरा. अजून ऊब आहे." आधी कोणी हललं नाही. मग बबन आला. मग सुना. एक लहान नात आली, तिने बोट धरलं आणि आईकडे बघून हसली. सगळ्यांत शेवटी म्हातारी आली, बबनची आई. तिने हात धरला नाही, नवऱ्याच्या हातावरची माती पदराने पुसली, एवढंच.

रस्ता बंद, खालून गुरुजी येणार नव्हते. बबन तुला म्हणाला, "तुमी शिकलाय म्हनं. तुमीच करा." ओटीवरून एक वडीलधारे म्हणाले, "बाईमानसानं? आनि आमच्या वाडीत?" म्हातारी तिथूनच बोलली, "माजी सगळी बाळंतपनं हिनंच केली. तवा नाय कोनाला बाई दिसली ती? तुजापन पोरगा हिच्याच हातात पडलाय गनपत, हातपाय मोजून दिला तुला." लोक हसले. मयताच्या घरी, पावसात, लोक हसले. गणपतराव म्हणाले, "मी कुटं नको म्हनलो? रीत विचारली."

दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी चिता पेटली. दहाव्याला तू परत गेलीस, मीही आले, नवीन चपला घालून. पिंड मांडले होते. तू पोथी उघडण्याआधी बबनला विचारलंस, "बाबांच्या आईचं नाव?"

"आजी."

"तिला हाक काय मारायचे?"

बबनला माहीत नाही. चुलतभावाला माहीत नाही. तू पोथी मिटलीस. "नाव मिळेपर्यंत थांबू." ऊन चढत होतं, माणसं कुजबुजत होती, मला तुझा राग आला होता. गणपतरावांनी पुन्हा रीत विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी कुणीतरी पलीकडच्या वाडीतल्या एका खूप म्हाताऱ्या बाईला फोन लावला. ती फोनवर ओरडूनच बोलत होती, सगळ्यांना ऐकू आलं. सासरचं नाव सांगितलं. तू म्हणालीस, "माहेरचं?" मग फोनमधून एक नाव आलं आणि लगेच रडू.

तू मग म्हातारीकडे वळलीस. "आणि तुमचं? माहेरचं?"

ती म्हणाली, "माजं कशाला? मी हाय की अजून."

"असेना. माहीत असू दे."

ती पदर तोंडावर घेऊन म्हणाली, "चिमा." बबन आईकडे बघत राहिला. त्याला आयुष्यभर पार्वतीच माहीत होती. तो म्हणाला, "आये, चिमा?" आणि म्हातारी लाजली. नलू, मी माणसं लाजताना पाहिली आहेत, पण त्या वयाच्या बाईला आपल्या मुलासमोर आपल्याच नावाने लाजताना मी पहिल्यांदा पाहिलं. ती तेवढा वेळ सासरी आलेलीच नव्हती. कुणाच्यातरी अंगणात परकर सावरत उभी होती.

येताना जीपमध्ये मी तुझ्याशी बोलले नाही. तुला वाटलं, उन्हामुळे. मी मनातल्या मनात माझ्या पणजीचं नाव शोधत होते.

मग तू कुठे कुठे गेलीस. लोकांनी तुला शेवटपर्यंत सिस्टरच म्हटलं. "सिस्टर, वास्तुशांत हाय." "सिस्टर, पोरीचं लगीन धरलंय." दारावर येऊन विचारायचे, "सिस्टर, पूजा सांगायला येता का, आनि आमच्या म्हाताऱ्याचं बीपी पन बगा." बिरवाडीला कारखान्यातला एक परगावचा मुलगा खोलीवर वारला, तेव्हा त्याच्या बरोबरीच्या पोरांनी तुला बोलावलं. तू तुझ्या त्या भयंकर हिंदीत विचारलंस, "इसकी माँ का नाम क्या है?" कुणालाच ठाऊक नव्हतं, सगळे तिला फोनवर अम्मा म्हणायचे. त्यांनी तिकडे, बिहारात, फोन लावला. त्या बाईला मुलगा गेल्याचं आदल्या दिवशी कळलं होतं. तिने स्वतःचं नाव सांगितलं, आणि मग तू ते मोठ्याने घेताना फोन तसाच चालू ठेवला होता. तू घरी येऊन म्हणालीस, "वहिनी, ती तिकडून 'हाँ' म्हणाली. हजेरी दिल्यासारखी."

लग्नातही तुझं तेच. पोरीचं नाव तांदळात नवं लिहायला निघाले की तू पोरीला विचारायचीस, "तुला हवंय का?" एका लग्नात वरमाय म्हणाली, "आमची पद्धत आहे." तू म्हणालीस, "असू दे की. तुमचं आधीचं काय होतं?" वरमायने तांदळाचं ताट बाजूला ठेवलं आणि तुला आत नेऊन आधीचं नाव सांगितलं, हे मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. तू सांगितलं नाहीस. ऐकलेली नावं तू गावभर करायची नाहीस, ज्याच्या त्याच्या घरातच ठेवायचीस.

दादा गेले तेव्हा त्यांचं सगळं तूच केलंस. बहीण भावाचं करते म्हणून भावकी आठ दिवस फिरकली नाही. ते गेल्या गेल्या तू मला बोलावलंस, "वहिनी, हात धरा." मी धरला. "काही बोलायचंय?" मी मान हलवली. तू आग्रह केला नाहीस. दहाव्याला तू सासूबाईंचं माहेरचं नाव घेतलंस, ठकू. त्यांच्या सासूचं, बयो. पणजीचं, चंद्री. हे तू अलिबागच्या कुठल्या आत्याकडून काढलंस, तुझं तुला ठाऊक. ज्या सासूबाईंचा मला धाक होता, ज्यांनी माझ्या इंग्रजी मासिकांवर पापड वाळवले, त्या ठकू होत्या, हे मला त्या घाटावर कळलं. ठकूवर मला राग धरता येईना.

त्या रात्री जेवताना मी परत विचारलं, "तरी सांग. दादा कुठे गेले?"

"ठाऊक नाही, वहिनी."

"इतकं करून ठाऊक नाही?"

"इतकं करूनच नाही. आधी वाटायचं, ठाऊक आहे." आणि तू मला दुसरी पोळी वाढलीस.

या वर्षी तुझं हृदय थकलं. डॉक्टरांनी सांगायच्या आधी तुला कळलं होतं. अंथरुणावर पडून स्वतःचीच नाडी धरायचीस आणि घड्याळाकडे बघायचीस. मी म्हणायची, "आता तरी रजा घे." मला सगळ्याची व्यवस्था आधी लागते. मी वही घेऊन बसले, "नलू, तुझ्या वेळी काय काय करायचं, कुणाला बोलवायचं, एकदा नीट सांग."

"तुम्हाला करावंसं वाटेल ते करा."

"हे उत्तर नव्हे."

तू हसलीस, खोकला येईपर्यंत हसलीस. मग म्हणालीस, "वहिनी, इतकी वर्षं तुम्ही मला विचारत आलात मी काय मानते. मी एकदा विचारू? तुम्ही काय मानता?"

मी औषधाची वेळ झाली म्हणून उठले. वेळ खरंच झाली होती. पण तो प्रश्न तसाच राहिला, आणि आठवड्याने एका दुपारी तू गेलीस. माझ्या हातात तुझा हात होता. ऊब बराच वेळ होती.

अजय पोचू शकत नव्हता. चुलत दीर आले, त्यांनी एक तरुण गुरुजी आणले. चांगला मुलगा, घाई होती, दुसरीकडे जायचं होतं. निघताना दीर मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही घरी थांबा. बायका स्मशानात येत नाहीत." मी म्हटलं, "नलूचं तर निवृत्तीनंतरचं निम्मं आयुष्य तिथे गेलं भाऊजी. तिला आज एकटी पाठवू?" आणि मी चालू लागले. मागे वळून पाहिलं तर बिरवाडीच्या बायका, दवाखान्यातल्या आया, पोलादपूरकडच्या किती तरी जणी चालत होत्या. कुणी कुणाला या म्हटलेलं नव्हतं.

सावित्री नदीच्या काठावर गुरुजींनी सुरुवात केली. गोत्र विचारलं, दिरांनी सांगितलं. मग सवयीने म्हणाले, "यांच्या यजमानांचं नाव?" दीर म्हणाले, लग्न नव्हतं झालं. गुरुजी अडले. "मग वडिलांचं घेतो. आईचं?" दिरांनी इकडे तिकडे पाहिलं. म्हणाले, "आम्ही काकी म्हणायचो." गुरुजी म्हणाले, "हरकत नाही," आणि काहीतरी नाव घालून पुढे निघाले.

"थांबा," कुणीतरी म्हणालं. तो माझा आवाज होता. वर्गात मागच्या बाकापर्यंत जायचा तो.

"नाव चुकलं. परत."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे गेले. "ही नलिनी. हिचं नाव कधीच बदललं नाही. हिची आई ठकू. तिची सासू बयो. तिची सासू चंद्री." आणि मग, नलू, ते तिथे थांबायला हवं होतं, पण थांबलं नाही. पुढचा पाठ माझ्या तोंडातून येत गेला. अक्षर न अक्षर, तू जिथे अडायचीस तिथेही न अडता. प्रत्येक ओळीनंतर तू सांगायचीस तसा मराठीत अर्थही आला. माझ्या हातात पुस्तक नव्हतं. गुरुजी आधी चकित झाले, मग ओळीला ओळ जोडून माझ्याबरोबर म्हणू लागले. मागे बायका आपापल्या आईचं, आजीचं नाव घेत होत्या, हळू, जिचं तिलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात. पाणी वाहत होतं. दिरांनी टोपी काढून हातात धरली होती.

मी देव पाहिला असं मी म्हणणार नाही, मुलांनो, तुमची आजी तशी नाही. पण तेवढा वेळ मला कुणी विचारलं असतं की ही सगळी माणसं कुठे गेली, तर मी म्हणाले असते, इथेच तर आहेत, एवढी गर्दी दिसत नाही का?

घरी आल्यावर मला ताप आला. नंतरच्या दिवसांत मी कुणाशी त्याबद्दल बोलले नाही. अजयशीही नाही. आज तुला सांगते आहे. तू कोवळ्या वयात नव्हे, निवृत्तीची शाल घेऊन आल्यावर हे सगळं सुरू केलंस, आणि मी समजत राहिले की मी नुसती शेजारी बसून चुका काढते आहे. आपला वाद मात्र मी सोडलेला नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. काय मानते ते ठाऊक नाही. काय येतं ते आता ठाऊक झालं.

हे इथवर लिहून मी उठले आणि बबनला फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. मी अंगणात गेले, तुळशीशेजारून लागला.

"बबन, दुसरे गुरुजी नकोत. मी येते."

"तुमी?" त्याचा आवाज एकदम बदलला. "वहिनी, तुमाला येतं?"

"येतं. अर्थासकट येतं. पण आधीच सांगते, मला त्यातलं सगळं पटतं असं नाही. तुला चालेल का?"

तो म्हणाला, "आयचं नाव काय घ्याल?"

"चिमा. पार्वती नंतर."

त्याने ते नाव एकदा स्वतःशीच म्हणून पाहिलं. मग तो म्हणाला, "घाटातून चालायला लागंल. पाय दुकतील तुमचे."

"दुखू देत."

"चालायचं नाय. मी जीप घिऊन येतो, पार वरपतुर नेतो. एस्टीनं नका येऊ." मग घरातल्या कुणाला तरी काहीतरी सांगून परत माझ्याकडे आला. "वाडीत सांगायला पायजे कोन येनार ते. सिस्टर आमाला नुसतं वहिनी म्हनून सांगायची. तुमचं नाव काय वो?"

मी सासरचं सांगायला तोंड उघडलं, जे शाळेच्या हजेरीपटावर, रेशनकार्डावर, तुझ्या दादांच्या पत्रांवर होतं. तुळशीच्या कट्ट्याला हात टेकला.

"मथुरा," मी म्हटलं.

"बरं, मथुराबाय," बबन म्हणाला. "उद्या सकाळी लवकर आवरून ठेवा. मी येतो."